पऱ्हाटीचा हिशेब कारखान्याच्या फाटकाअलीकडे चुकतो

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की यवतमाळ-अमरावतीकडच्या शेतकऱ्यापुढे एक बिनकमाईचं काम उरतं. पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर शेतात उरलेली कापसाची वाळकी झाडं, काढायची. मजूर लावून चिमट्यानं उपटायची, ट्रॅक्टर बोलावून रोटाव्हेटर फिरवायचा, किंवा गोळा करून धुऱ्यावर पेटवून द्यायची. चुलीपुरती घरी येते, थोडी वीटभट्टीवाला नेतो. एकरी साधारण टनभर वाळलेलं लाकूडच असतं ते. किलोला साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी उष्णता, म्हणजे आपल्या औष्णिक वीजकेंद्रांत जळणाऱ्या देशी कोळशाच्या तोडीची. देशभरात वर्षाला अशी सुमारे ३ कोटी टन पऱ्हाटी निघते, असा अंदाज आहे. एवढं ऐकलं की कुणालाही वाटावं, या शिवारांत पैसाच जळतो आहे.

अन्नदात्यानं ऊर्जादाता व्हावं, हे नितीन गडकरी कित्येक वर्षं सांगत आले आहेत आणि विदर्भातल्या सभांमध्ये त्याला टाळ्या पडतात. त्या इच्छेशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते हिशेब कुठून मांडायचा याच्याशी. प्रकल्प अहवालात हिशेब कारखान्याच्या फाटकापासून पुढे सुरू होतो: इतका टन काडीकचरा आत, इतके लिटर इथेनॉल किंवा इतका किलो गॅस बाहेर. फाटकाच्या अलीकडे काय घडतं ते ‘कच्चा माल’ या एका ओळीत उरकलं जातं. हा धंदा तरतो की बुडतो ते मात्र त्याच एका ओळीत ठरतं. सरकारचा पैसाही बहुतांशी फाटकाच्या पलीकडेच जातो, हे माझ्या मते या सगळ्या धोरणातलं मूळ दुखणं आहे.

आधी झालेलं पाहू. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्रानं ‘सतत’ योजना आणली. शेण, प्रेसमड (उसाचा रस गाळताना साखर कारखान्यात उरणारा गाळ), भाताचं काड, शहरी कचरा यांपासून कॉम्प्रेस्ड बायोगॅस, म्हणजे सीबीजी करायचा आणि तेल कंपन्यांनी तो ठरल्या दरानं घ्यायचा. सुरुवातीचा दर होता किलोला ४६ रुपये अधिक कर. उद्दिष्ट होतं २०२३-२४ पर्यंत ५,००० प्रकल्प आणि वर्षाला दीड कोटी टन गॅस. मुदत संपली तेव्हा सुरू झालेल्या प्रकल्पांची शंभरीही भरली नव्हती. गिऱ्हाईक ठरलेलं, दर ठरलेला, तंत्र जुनं आणि परिचयाचं, तरी हे झालं. त्याआधीची जट्रोफाची, आपल्या मोगली एरंडाची कहाणी तर लोक विसरलेही. पडीक जमिनीवर एरंड लावून डिझेल पिकवायचं होतं, आणि २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं स्वप्न होतं. बिया गोळा करण्याची मजुरी बियांच्या भावात बसेना. तिथेही गाडी शेतातच अडली होती.

आता पानिपतचा कारखाना घ्या. इंडियन ऑइलनं तिथे भाताच्या काडापासून इथेनॉल बनवण्याचा, ज्याला दुसऱ्या पिढीचं इथेनॉल म्हणतात तो, प्रकल्प उभारला आणि १० ऑगस्ट २०२२ रोजी पंतप्रधानांनी तो राष्ट्राला अर्पण केला. खर्च ९०० कोटींहून अधिक. वर्षाला २ लाख टन काड आत जाणार, सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल बाहेर येणार. म्हणजे टनाला १५० लिटर. एका टन काडात अंदाजे ३५ लाख किलोकॅलरी उष्णता असते आणि १५० लिटर इथेनॉलमध्ये साडेसात लाखांच्या आसपास. बाकीच्यातलं काही कारखान्याच्या बॉयलरला कामी येतं हे खरं, पण टाकीत जाणारं इंधन काडातल्या ऊर्जेच्या पाचव्या हिश्शाएवढंच.

आता पैशाचं. ९०० कोटींना ३ कोटी लिटरनं भागा: वर्षाच्या प्रत्येक लिटरमागे ३०० रुपये भांडवल. त्यावर नुसतं १० टक्के व्याज धरलं तरी लिटरला ३० रुपये. काड फाटकावर टनाला अडीच हजारांनी पडलं असं समजा. लिटरला आणखी १७. झाले ४७. अजून एन्झाइम, रसायनं, वीज, पगार, दुरुस्ती, घसारा काहीच धरलेलं नाही, आणि हे सगळं कारखाना वर्षभर पूर्ण क्षमतेनं चालला तर. निम्म्यानं चालला तर एकट्या व्याजाचेच ६० रुपये होतात. ज्या बाजारात हे इथेनॉल विकायचं, तिथे २०२४-२५ च्या हंगामात उसाच्या रसाच्या इथेनॉलला ६५ रुपये ६१ पैसे आणि मक्याच्या इथेनॉलला ७१ रुपये ८६ पैसे दर होता, आणि त्या दरात ऊस-मका पिकवणाऱ्याचे पैसेही आले.

इथे पंजाब-हरियाणाच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. तिथे भात निघाल्यावर गहू पेरायला दोन-तीन आठवडे मिळतात, म्हणून काड पेटवलं जातं आणि दिल्लीचा श्वास कोंडतो. ते काड शेतातून उचलणं हेच एक सार्वजनिक काम आहे आणि त्याला सरकारनं पैसे मोजावेत. पण तो पैसा प्रदूषण आवरण्याचा आहे, हे खात्यावर स्वच्छ लिहावं. तोच आकडा ‘स्वस्त देशी इंधन’ या नावाखाली दाखवून महाराष्ट्रात तसाच कारखाना मागायचा, हे मला पटत नाही. आपल्याकडे तशी धुराची आणीबाणी नाही. म्हणजे इथला कारखाना इंधनाच्याच जोरावर उभा राहायला हवा.

परदेशातही हे कोडं पैशाच्या जोरावर सुटलेलं नाही. अमेरिकेत आयोवा राज्यात ड्यूपाँ कंपनीनं २०१५ मध्ये मक्याच्या ताटांपासून इथेनॉल करणारा अवाढव्य कारखाना उघडला. ३० मैलांच्या परिघातल्या ५०० शेतकऱ्यांकडून वर्षाला पावणेचार लाख टन ताटं आणायची योजना होती. दोन वर्षांत, २०१७ मध्ये, कंपनीनं हात वर केले. कॅन्सासमधला अबेंगोआचा कारखाना त्याआधीच बंद पडून दिवाळखोरीत गेला होता. आयोवातलाच पोएट आणि डीएसएम यांचा कारखाना २०१९ मध्ये थांबवला गेला. रुमानियात क्लॅरिअंटनं गव्हाच्या काडाचा कारखाना मोठ्या गाजावाजात सुरू केला आणि २०२३ च्या अखेरीस बंद केला. पंजाब किंवा विदर्भात नाहीत अशी यंत्रं, भांडवल आणि मोठमोठी शेतं या लोकांकडे होती. ड्यूपाँचा तो कारखाना पुढे जर्मनीच्या व्हर्बियोनं घेतला आणि तिथे ताटांपासून इथेनॉल करण्याचा नाद सोडून त्यांच्यापासून गॅस करायला घेतला. याच व्हर्बियोनं पंजाबात संगरूरजवळ लेहरागागा इथे भाताच्या काडावर दिवसाला ३३ टनांचा सीबीजी प्रकल्प उभारला आहे. द्रवरूप इंधनाचा हट्ट सोडला की गणित थोडं सैल होतं, एवढं यातून नक्की दिसतं.

यावर ठरलेला प्रतिवाद येतो: सौरऊर्जाही एकेकाळी महागच होती, मोठ्या प्रमाणावर केली आणि युनिट अडीच रुपयांवर आलं, इथेही धीर धरा. हा युक्तिवाद मला सर्वांत फसवा वाटतो. सौर पॅनेल कारखान्यात बनतं. जितकी जास्त बनतील तितकं एकेक स्वस्त. ऊन गोळा करायला मजूर लागत नाही, आणि शेजारच्यानं पॅनेल लावलं म्हणून तुमच्या छतावरचं ऊन महाग होत नाही. काडीकचऱ्याचं नेमकं उलटं. कारखाना मोठा केला की माल लांबून आणावा लागतो, शेजारी दुसरा कारखाना आला की भाव चढतो. यंत्राचा खर्च मोठेपणानं उतरतो, कच्च्या मालाचा वाढतो.

भाव चढण्याचा हा अनुभव महाराष्ट्राला आहे. २००० नंतरच्या दशकात राज्यात शेतातल्या काडीकचऱ्यावर वीज बनवणारे प्रकल्प आले. मंजुरीच्या वेळी भाताचा तूस, पऱ्हाटी, तुराट्या, सोयाबीनचं कुटार जवळजवळ फुकट धरलेलं होतं. वीजखरेदीचा दर करारानं बांधलेला. प्रकल्प सुरू झाले तसा तोच तूस वीटभट्ट्या, राइस मिलचे बॉयलर आणि इतर कारखाने यांच्याशी स्पर्धा करून घ्यावा लागला. मालाचा दर मोकळा, विजेचा बांधलेला. अनेक प्रकल्पांना कुलूप लागलं. आज साखर कारखान्यांच्या प्रेसमडचं तेच चाललं आहे. साधारण २५ टन प्रेसमडमधून एक टन सीबीजी निघतो. जोवर तो शेतकरी खत म्हणून ट्रॉलीनं न्यायचा आणि डिस्टिलरीवाले त्यात स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, मुरवून कंपोस्ट करायचे, तोवर त्याला कुणी मोठा भाव विचारत नव्हतं. आता गॅसवाले दारात उभे आहेत. साखर कारखान्यानं भाव मागितला तर त्यात गैर काहीच नाही, पण मग पाच वर्षांपूर्वीचा प्रकल्प अहवाल रद्दीत घालावा लागतो. शिवाय गाळप चालतं चारेक महिने. उरलेल्या आठ महिन्यांत साठवलेला प्रेसमड आपोआप कुजतो आणि त्यातला गॅस हवेत जातो.

केंद्राच्या अभ्यासानुसार देशात वर्षाला सुमारे ७५ कोटी टन शेतीतलं जैवद्रव्य निघतं आणि त्यातलं २३ कोटी टन ‘अतिरिक्त’ आहे. हा २३ कोटींचा आकडा प्रत्येक सादरीकरणाच्या पहिल्या पानावर असतो. अतिरिक्त कुणाला? मराठवाड्यात पाऊस चांगला झाला त्या वर्षी कडब्याच्या गंजी पडून असतात, आणि दुष्काळात त्याच कडब्याच्या पेंढीसाठी लोक चार जिल्हे पालथे घालतात. सरासरीत हे दिसत नाही. गाईच्या दावणीतलं वैरण कारखान्याच्या खाती ‘अतिरिक्त’ म्हणून मांडलेलं असू शकतं.

तरीही या क्षेत्रात चालणारे धंदे आहेत, आणि ते का चालतात ते बघण्यासारखं आहे. साखर कारखान्यात एक टन ऊस गाळला की सुमारे २८० ते ३०० किलो ओलसर बगॅस, म्हणजे रस काढलेलं चिपाड, तिथेच पडतो. त्याला गोळा करण्याचा खर्च शून्य, कारण तो खर्च साखरेनं आधीच उचललेला असतो: ऊसतोड, वाहतूक, सगळं. राज्यात सहवीजनिर्मिती रुजली ती याच्या बळावर. भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमधला तूस, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या काजू कारखान्यांतली टरफलं, जिनिंगमधला कचरा हे त्याच जातीचं. माल दुसऱ्याच कुणाच्या तरी खर्चानं एका जागी आलेला असतो. यांना कुणी मोहीम काढून इंधन बनवलं नाही. ते केव्हाच इंधन झालेले आहेत.

पऱ्हाटी मात्र शेतात उभी असते, एकेक. दिवसाला १०० टन माल खाणारा मध्यम प्रकल्प धरू. वर्षाला ३०० दिवस म्हणजे ३०,००० टन, एकरी टनाच्या हिशेबानं ३०,००० एकर. चारांतला एक शेतकरी देणार असेल तर १ लाख २० हजार एकरांत फिरावं लागेल, म्हणजे जवळजवळ सगळा तालुका. मोकळी पऱ्हाटी ट्रॉलीत भरली तर ट्रॉली शिगोशीग दिसते आणि काट्यावर जेमतेम टनभर भरते. आपण डिझेल जाळून हवा वाहत असतो. हा सगळा माल डिसेंबर ते फेब्रुवारीतच उचलायचा आणि वर्षभर पुरवायचा. टनाला अडीच हजार धरले तर साडेसात कोटींची खरेदी तीन महिन्यांत करून तो ढीग पाऊस आणि आगीपासून सांभाळायचा. साखरेच्या पोत्यांवर राज्य सहकारी बँक मालतारण कर्ज देते. पऱ्हाटीच्या ढिगावर कर्ज मागायला गेलेल्याकडे बँकेचा अधिकारी कसा बघेल, याची कल्पना करा. प्रकल्प बुडतो तो बहुधा इथे, खेळत्या भांडवलात.

उपाय ढोबळमानानं सगळ्यांना माहीत आहे: शेतातच चुरा करायचा, गावाजवळच त्याच्या कांड्या दाबायच्या आणि त्या विकायच्या. कांडी कोळसा किंवा पांढरा कोळसा म्हणून त्या बाजारात चालतातही. नागपुरातल्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या केंद्रानं पऱ्हाटीच्या ब्रिकेट आणि पेलेटवर बरंच काम केलेलं आहे. भाव टनाला सहा-सात हजारांच्या घरात असतो. बॉयलरमध्ये एक किलो फर्नेस ऑइलच्या जागी अडीच-तीन किलो कांड्या लागतात, म्हणजे वीस रुपयांच्या आसपास. फर्नेस ऑइलचा किलो चाळीस-पन्नासला पडतो. डाळ मिल, तेल गिरणी, कापड प्रक्रिया, दूध प्रकल्प यांना नुसती उष्णता हवी असते. त्यांना या व्यवहारासाठी कुणाच्या अनुदानाची गरज नाही. यात ऊर्जेचं रूप बदलत नाही, म्हणून वाटेत नासाडीही कमी. इथेनॉलसारखं हे चकचकीत दिसत नाही आणि उद्घाटनाला पंतप्रधान येणार नाहीत, एवढीच काय ती उणीव.

पऱ्हाटीच्या बाजूनं आणखी एक भक्कम कारण आहे, आणि ते ऊर्जेच्या चर्चेत फारसं येतच नाही: गुलाबी बोंडअळी. २०१७ च्या हंगामात तिनं विदर्भाची जी दैना केली ती सगळ्यांना आठवते. तेव्हापासून कृषी विभाग घसा कोरडा करून सांगतो आहे की फरदड (वेचणीनंतरही पीक राखून घेतलेला जास्तीचा कापूस) घेऊ नका, डिसेंबरनंतर पीक शेतात ठेवू नका, पऱ्हाटीचे ढीग बांधावर रचू नका, कारण किडक्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात बाहेर पडते. शेतकरी ऐकत नाही, कारण पऱ्हाटी काढायला पदरचे पैसे जातात आणि फरदडीतून चार पैसे मिळण्याची आशा असते. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात कुणी यंत्र घेऊन शेतात आलं, पऱ्हाटी जागच्या जागी चुरून नेली आणि वर एकरी काही रक्कम हातावर ठेवली, तर कीडनियंत्रणाचं काम आपोआप होतं. इथे सरकारनं द्यावा असा पैसा मला दिसतो: अळीचा नायनाट झालेल्या एकरामागे. उलट, मोकळी पऱ्हाटी आणून महिनोन्‌महिने रचून ठेवणारा कारखाना परिसराला बोंडअळीची शिदोरीच पुरवेल. तेव्हा चुरा शेतातच, ही अट नियमात हवी.

पण पऱ्हाटीला जे लागू आहे ते सगळ्या काडीकचऱ्याला लागू करू नये. उसाचं पाचट हेक्टरी आठ-दहा टन निघतं आणि इंधनवाल्यांचा त्यावर डोळा आहे. ते पेटवू नका, सरीत आच्छादन करा, कुट्टी करून कुजवा, हे शेतकऱ्यांना पटवायला कृषी विद्यापीठांची अनेक वर्षं गेली, आणि आता कुठे लोक पाचट ठेवू लागले आहेत. एक टन भाताच्या काडात साधारण २५ किलो पोटॅश आणि पाच-साडेपाच किलो नत्र असतं. म्युरिएट ऑफ पोटॅश आपण जवळपास सगळं आयात करतो. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली गेलेल्या जमिनीतून काडही उचलायचं आणि मग आयातीचं खत टाकायचं, याला इंधनाची स्वयंपूर्णता म्हणणं अवघड आहे. पऱ्हाटीचं लाकूड जमिनीत लवकर कुजत नाही आणि रोग-कीड मागे ठेवतं, म्हणून ती न्यावी. पाचट आणि कुटार शेतातच किंवा गोठ्यातच राहावं. गॅस प्रकल्पात निदान आंबवून उरलेलं खत परत जमिनीत जाऊ शकतं, हा त्याचा मोठा गुण. त्या खताच्या विक्रीसाठी केंद्रानं २०२३ मध्ये टनाला १,५०० रुपयांची मदत जाहीर केली. पण ओलं, जड खत पन्नास किलोमीटर नेलं की ती मदत भाड्यातच जाते. ज्या शेतातून माल आला त्याच पंचक्रोशीत खत परत गेलं पाहिजे, म्हणजे पुन्हा मुद्दा तोच: प्रकल्प लहान आणि जवळ.

आता सरकारनं सक्तीची वाट धरली आहे. शहरी गॅस कंपन्यांना २०२५-२६ मध्ये १ टक्का सीबीजी मिसळायचा, तो वाढत २०२८-२९ पर्यंत ५ टक्के. औष्णिक केंद्रांना कोळशात ठरावीक टक्के जैवइंधन जाळायचं बंधन २०२१ पासून आहेच. मागणी अशी हुकुमानं उभी करता येते, पुरवठा येत नाही. हुकमी मागणीनं भाव नक्की वाढेल; प्रश्न तो कुणाच्या खिशात जाईल हा आहे. केंद्रानं २०२४ मध्ये काडीकचरा गोळा करण्याच्या यंत्रांसाठी सुमारे ५६५ कोटींची योजना आणली, हे फाटकाअलीकडे पडलेलं पाऊल. पण ती मदत सीबीजी प्रकल्पचालकांना आहे. चुरा करणारं यंत्र शेतकरी उत्पादक कंपनीच्या मालकीचं असेल तर ती कंपनी माल गॅसवाल्याला, कांडीवाल्याला किंवा जवळच्या बॉयलरला, जो जास्त देईल त्याला विकू शकते. यंत्र प्रकल्पाचं असेल तर तालुक्यात एकच गिऱ्हाईक उरतं आणि ‘आम्ही तुमचं शेत फुकट साफ करून देतो’ हाच भाव होतो. अनेक ठिकाणी आजही तोच आहे.

उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, मिळवायला शेतकऱ्यांना रस्त्यावर उतरावं लागलं, तेही ऊस हे मुख्य पीक असताना. पऱ्हाटीसाठी कुणी रस्ता अडवणार नाही. म्हणून करार आधीच नीट हवा. वजन गावातल्या काट्यावर, ओलाव्याचं माप शेतकऱ्यासमोर, दर टनावर न ठेवता उष्णतेवर, आणि तो कोळशाच्या किंवा गॅसच्या दराला बांधलेला, म्हणजे प्रकल्पाला चढता भाव मिळाला तर शेतकऱ्यालाही मिळेल. कार्बन क्रेडिट विकलं तर त्यातला वाटा किती, हेही त्याच कागदावर. या अटी मान्य करून ज्याचा ताळेबंद जुळतो त्या प्रकल्पाला जागा, वीज, रस्ता सगळं द्यावं. ज्याचा जुळत नाही, त्यानं आपला नफा शेतकऱ्याच्या फुकटच्या पऱ्हाटीवर धरलेला होता, असं समजून त्याचा अर्ज बाजूला ठेवावा.